अपडाऊनसाठी जुनी गाडी घेताना

धाराशिव जिल्ह्यात नोकरी आणि अपडाऊन हे दोन शब्द जोडीनंच येतात. कुणाचं घर सोलापुरात आणि शाळा तुळजापूर तालुक्यात, कुणाचं बिऱ्हाड धाराशिवला आणि बँकेची शाखा कळंबला, कुणी मुलांच्या शिकवणीसाठी कुटुंब लातूरला ठेवलेलं आणि स्वतः रोज इकडं येणारं. एसटीची वेळ ड्यूटीच्या वेळेशी जुळत नाही, दुचाकीवर एप्रिल-मेचं ऊन सोसत नाही, आणि मग घरात चारचाकीचा विषय निघतो. नव्या गाडीचा हप्ता पगाराला झेपत नाही, म्हणून नजर जुन्या गाडीकडं वळते.

इथंच बहुतेकांचा क्रम उलटा होतो. आधी मॉडेल ठरतं, मग रंग, मग किंमत, आणि कागद व मिस्त्री सगळ्यात शेवटी. वर्षाकाठी दोन लग्नांना आणि एका देवदर्शनाला काढायची गाडी असेल तर हा क्रम कदाचित चालून जाईल. रोज सकाळी दहाच्या आत पोचवणाऱ्या गाडीला तीन साध्या कसोट्या लावाव्या लागतात. तिचा आजवरचा इतिहास कागदावर दिसला पाहिजे. बिघडली तर तुमच्या तालुक्यातल्या मिस्त्रीला ती दुरुस्त करता आली पाहिजे. आणि ती महिन्याभरात तुमच्या नावावर झाली पाहिजे. या तिन्हींत बसणारी साधी वॅगनआर ही न बसणाऱ्या ऐटबाज गाडीपेक्षा केव्हाही बरी.

आधी महिन्याचे किलोमीटर मोजा

पेट्रोल, डिझेल की सीएनजी, हे आवडीवर ठरवू नका. महिन्याचे किलोमीटर कागदावर लिहा.

धाराशिव ते तुळजापूर हे अंतर जाऊन-येऊन चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर धरलं, तर महिन्याच्या २५ दिवसांत हजार-अकराशे किलोमीटर होतात. लहान पेट्रोल गाडी महामार्गावर लिटरला १८ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे असं धरू. हजार किलोमीटरला सुमारे ५,८०० रुपये लागतील. तेवढंच अंतर लिटरला २२ देणाऱ्या डिझेल गाडीनं, ९२ रुपये दरानं, सुमारे ४,२०० रुपयांत होईल. महिन्याला सोळाशे रुपये वाचले, वर्षाला १९ हजार. पण जुन्या डिझेलचा इंजेक्टर, टर्बो किंवा क्लच यांपैकी एक काम निघालं की वर्षाची बचत एका बिलात जाते. म्हणून हजार-बाराशे किलोमीटरपर्यंत पेट्रोलच शहाणपणाचं.

सोलापूर-धाराशिव रोज करणाऱ्याचं गणित वेगळं आहे. एका बाजूनं पासष्ट-सत्तर किलोमीटर, म्हणजे महिन्याला तीन हजारांच्या वर. तिथं डिझेल किंवा सीएनजी खरंच पैसे वाचवतं. मात्र डिझेल घेताना एक भेद लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ निकष लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगानं पळावी लागते. महामार्गावर रोज तासभर जाणाऱ्याला त्याचा त्रास नाही. गावातल्या गावात चार-पाच किलोमीटर फिरवणाऱ्याचा फिल्टर तुंबतो, आणि तो बदलणं फार महागात पडतं. याच निकषांच्या वेळी मारुतीनं डिझेल गाड्या बंद केल्या. त्यामुळं बाजारात दिसणारी डिझेल स्विफ्ट किंवा डिझायर एप्रिल २०२० च्या आधीचीच असते, हे किंमत ठरवताना विसरू नका.

सीएनजी सर्वात स्वस्त पडतं, पण तुमच्या रोजच्या वाटेवर पंप कुठं आहे आणि तिथं गॅस नियमित मिळतो का, हे आधी स्वतः जाऊन पाहा. कंपनीनं बसवलेलं किट आणि बाहेर बसवलेलं किट यांत फरक आहे. बाहेर बसवलेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर इंधनाच्या रकान्यात हवी. टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते, तिचं प्रमाणपत्र मागा. नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी बोट ठेवायला मोकळी असते.

पेट्रोलबाबत आणखी एक गोष्ट. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्यातलं काही इथेनॉल आपल्यासारख्याच ऊसपट्ट्यातून येतं. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे भाग या पेट्रोलला तोंड देतील असे बनवलेले आहेत. त्याआधीच्या गाडीत मायलेज थोडं घटतं आणि रबरी नळ्या, सील, फ्युएल पंप यांच्याकडं जरा जास्त लक्ष द्यावं लागतं. तेवढ्यासाठी जुनी पेट्रोल गाडी टाळायची गरज नाही. घेतल्यावर इंधनाच्या नळ्या मिस्त्रीकडून तपासून घ्या, म्हणजे झालं.

किती जुनी, आणि कोणती

अपडाऊनसाठी चार ते सात वर्षांची गाडी सर्वात बरी. पहिल्या तीन-चार वर्षांत किंमत झपाट्यानं उतरते, तो तोटा पहिल्या मालकानं सोसलेला असतो. सात-आठ वर्षांनंतर सस्पेन्शन, क्लच, एसी, रबरी भाग यांची कामं एकामागून एक निघू लागतात.

वर्ष निवडताना एक तारीख डोक्यात ठेवा: १ जुलै २०१९. त्या तारखेपासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची सूचना, वेगाची सूचना आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. एबीएस ब्रेक त्याच वर्षीच्या एप्रिलपासून सर्व गाड्यांना सक्तीचे झाले होते. त्याआधी हे सगळं फक्त वरच्या मॉडेलला मिळायचं. राष्ट्रीय महामार्ग ५२ किंवा ६५ वर रोज ८०-९० च्या वेगानं जाणाऱ्यानं, हंगामात रात्री दिव्याविना उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉल्यांमधून वाट काढणाऱ्यानं, एबीएस आणि एअरबॅग नसलेली गाडी पन्नास हजार स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. त्यासाठी बजेट वाढवावं, किंवा एक पायरी लहान पण नंतरच्या वर्षाची गाडी घ्यावी.

ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचण्यांचे निकालही उघड आहेत. टोयोटा इटिओसला २०१६ मध्ये चार तारे मिळाले, टाटा नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये पाच, टाटा टियागोला जानेवारी २०२० मध्ये चार. तुम्ही पाहत असलेल्या गाडीचा निकाल शोधा, आणि तो कोणत्या वर्षीच्या, किती एअरबॅग असलेल्या गाडीचा आहे तेही पाहा.

कोणती गाडी, याचं उत्तर शोधायला तुमच्या तालुक्याच्या गॅरेजसमोर अर्धा तास थांबा. तिथं कोणत्या गाड्या उभ्या आहेत आणि त्यांचे भाग किती वेळात येतात ते विचारा. वॅगनआर, स्विफ्ट, डिझायर, सेलेरिओ, ग्रँड आय-१०, टियागो यांचं काम उमरग्यापासून परंड्यापर्यंत कुणीही करतो. इटिओस बंद झाली असली तरी टॅक्सीवाल्यांनी ती इतकी वापरलीय की तिचं काम जाणणारे मिस्त्री अजून सापडतात. याउलट शेव्हरोलेनं भारतातली विक्री २०१७ च्या अखेरीस थांबवली, फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, डॅटसन २०२२ मध्ये गेली. या गाड्या चालवायला छान असतात आणि स्वस्तही मिळतात. पण एखाद्या सेन्सरसाठी गाडी आठ दिवस सोलापूर किंवा पुण्यात अडकली, तर त्या आठ दिवसांची हजेरी कोण लावणार? दुसरी गाडी घरात असेल तरच असा सौदा करा.

पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावरची गाडी अगदीच स्वस्त दिसते. खाजगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढं दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. २०२२ पासून या नूतनीकरणाचं शुल्क कारला ५,००० रुपये आहे, शिवाय पर्यावरण कर वेगळा. मुदत संपायला वर्ष-दीड वर्ष राहिलं असेल तर हा खर्च आणि पासिंगसाठी करावी लागणारी कामं किमतीतून वजा करा.

किमतीचा अंदाज घेताना नव्या गाडीचा आजचा दर पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला. त्याआधी २८ टक्के आणि वर उपकर होता. विकणारा मात्र अजूनही आपण मोजलेली जुनी ऑन-रोड किंमत सांगून तिथून वजाबाकी करतो. तुम्ही आजच्या नव्या गाडीच्या किमतीपासून मोजायला सुरुवात करा.

गाडी कुठून घ्यावी

आपल्या जिल्ह्यात एमएच-२५ च्या जोडीला एमएच-१३ सोलापूर, एमएच-२४ लातूर आणि एमएच-१२ व १४ पुणे-पिंपरीच्या गाड्या सर्वात जास्त येतात. राज्यातल्या राज्यात गाडीचा नंबर बदलत नाही आणि एकरकमी कर पुन्हा भरावा लागत नाही. फक्त मूळ कार्यालयाकडून कोणती कागदपत्रं लागतील ते धाराशिवच्या आरटीओत आधी विचारून घ्या.

पुण्याच्या गाडीत दोन शंका ठेवा. पहिली, ती आधी टॅक्सी होती का? पिवळ्या पाटीची गाडी परवाना रद्द करून पांढऱ्या पाटीवर आणता येते, ते बेकायदा नाही. पण अशी गाडी तीन-चार वर्षांत लाख-दीड लाख किलोमीटर सहज पळलेली असते. डिझायर टूरसारखं टॅक्सीचं मॉडेल, वेग ८० वर अडवणारं यंत्र, मागच्या सीटची अवाजवी झीज या खुणा पाहा आणि आरटीओच्या नोंदीत वाहनाचा प्रकार कधी बदलला का ते तपासा. दुसरी शंका पाण्याची. त्याबद्दल पुढं येईलच. मुंबई आणि कोकणातल्या गाड्या खालून गंजलेल्या असतात. आपल्या कोरड्या हवेत वाढलेल्या गाडीच्या तळाशी असा गंज सहसा दिसत नाही, म्हणून तळ पाहिल्याशिवाय तिकडची गाडी घेऊ नका.

उमरगा-नळदुर्ग पट्ट्यात कर्नाटक आणि तेलंगणाच्या पाटीची गाडी बरीच स्वस्त मिळते. मूळ आरटीओची एनओसी, महाराष्ट्राचा रस्ते कर, नवी नोंदणी, नवी पाटी आणि त्यासाठीच्या चकरा यांचा खर्च धरला की त्या स्वस्ताईतलं फार थोडं उरतं. दुसऱ्या राज्याची गाडी इथं बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर पुन्हा नोंदणी बंधनकारक आहे. दिल्लीच्या डिझेल गाड्यांचंही तेच. तिथं दहा वर्षांच्या डिझेलवर निर्बंध आले म्हणून त्या इकडं येतात. एनओसी हातात आल्याशिवाय आणि कराचा आकडा आरटीओतून कळल्याशिवाय त्यांच्यासाठी एक रुपयाही देऊ नका.

डीलरकडून घेणार असाल तर त्याच्याकडं आरटीओचं अधिकारपत्र आहे का, ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या नोंदणीकृत वाहनांच्या विक्रेत्यांना असं अधिकारपत्र घ्यावं लागतं, आणि मालकानं गाडी त्यांच्याकडं दिल्याची नोंद आरटीओकडं कळवली की विकेपर्यंत डीलरच तिचा मानीव मालक असतो. उत्तर देताना तो अडखळला, तर तो फक्त मध्यस्थ आहे असं समजून खऱ्या मालकाला समोर बोलवा.

सर्वात चांगल्या गाड्या बहुधा बाजारात येतच नाहीत. बदली होऊन जाणारे अधिकारी, निवृत्त होणारे प्राध्यापक, नवी गाडी बुक केलेले डॉक्टर यांच्या गाड्या ओळखीतच विकल्या जातात. दसरा-दिवाळीला नव्या गाड्या येतात तशा जुन्या गाड्या मोकळ्या होतात. डिसेंबरात विकणाऱ्याला घाई असते, कारण जानेवारी उजाडला की गाडी कागदावर आणखी एका वर्षानं जुनी दिसते. पाव्हण्यांकडून किंवा सहकाऱ्याकडून गाडी घेताना एक धोका आहे: भिडेपोटी कोणी तपासत नाही. "पाहुणे, मिस्त्रीला एकदा दाखवून घेतो, नियमच केलाय मी तसा," असं पहिल्याच भेटीत हसून सांगा. नातं टिकायलाही तेच बरं पडतं.

कागद आधी, गाडी नंतर

गाडी पाहायला जाण्याआधी नंबर मागून घ्या आणि एम-परिवहन ॲपवर टाका. नोंदणीची तारीख, इंधन, विम्याची मुदत, पीयूसी आणि कर्जाचा बोजा घरबसल्या दिसतो. वाहतूक पोलिसांचे ई-चलन महाराष्ट्राच्या चलन संकेतस्थळावर पाहा. पुणे-सोलापूर महामार्गावर कॅमेऱ्यात सापडलेल्या वेगाचे दंड साचलेले असतात, ते विकणाऱ्याकडूनच भरून घ्या.

मग प्रत्यक्ष भेटीत हे पाहा:

• आरसीवरचं नाव आणि समोर बसलेल्या माणसाचं आधार कार्ड जुळतं का. "गाडी मेव्हण्याची आहे, तो सध्या बाहेरगावी आहे" असं उत्तर आलं तर मेव्हणा परत येईपर्यंत थांबा.

• आरसीवरचे इंजिन आणि चासी क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी अक्षरन् अक्षर जुळतात का. कोरलेल्या जागी घासल्याची, वेल्डिंगची किंवा ताज्या रंगाची खूण असेल तर तिथूनच परत फिरा.

• आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव आहे का. कर्ज फिटलं तरी नाव आपोआप उतरत नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन ते उतरवावं लागतं. हा बोजा (एचपी) उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

• विम्याची मागची कागदपत्रं. नो-क्लेम बोनस दरवर्षी चढत ५० टक्क्यांपर्यंत गेला असेल तर गाडीचा मोठा दावा झालेला नाही, असा बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. मध्येच तो शून्यावर आला असेल तर त्या वर्षी काय झालं ते विचारा.

• कंपनीचं सर्व्हिस रेकॉर्ड. मालकाच्या परवानगीनं सर्व्हिस सेंटरला नंबर सांगितला तर कोणत्या तारखेला किती किलोमीटरला काय काम झालं, ते कळतं. मीटर मागं फिरवलेलं ओळखायचा याहून खात्रीचा मार्ग नाही.

• एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवलीय का. बसवली नसेल तर आधी बसवून घ्या.

गाडी पाहायची ती सकाळी, थंड इंजिनावर

दुपारी बोलावलं तर गाडी आधीच फिरवून गरम केलेली असू शकते. सकाळी जा, बॉनेटवर हात ठेवा, गार लागलं तरच चावी मागा. सोबत तुमचा मिस्त्री असू द्या, आणि त्याची मजुरी तुम्हीच द्या. लहान गावात गाड्यांच्या सौद्यात मिस्त्रीलाही कमिशन मिळतं, हे उघड गुपित आहे. पाचशे-हजार रुपये तुमच्याकडून घेतलेला माणूस तुमच्या बाजूनं बोलतो.

पहिल्या स्टार्टला धूर पाहा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल जळतंय. गोडसर वासाचा, न थांबणारा पांढरा धूर म्हणजे कूलंट इंजिनात शिरतंय. डिझेलचा दाट काळा धूर इंजेक्टर किंवा टर्बोकडं बोट दाखवतो. इंजिन चालू असताना ऑईलचं झाकण सैल करा. आतून जोराची वाफ किंवा धूर फुसफुसत असेल तर रिंग झिजल्या आहेत. झाकणाच्या आत दुधाळ थर दिसला तर ऑईलात पाणी मिसळलंय. या दोन खुणा दिसल्यावर किंमत कितीही उतरवली तरी ती गाडी घेऊ नये.

कूलंटची बाटली आपल्या भागात मुद्दाम पाहावी. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि वाटेत गाडी तापली की लोक बोअरचं पाणी ओततात. ते जड पाणी रेडिएटरमध्ये क्षार सोडतं. बाटलीत हिरवं, लाल किंवा निळं कूलंट दिसायला हवं. गंजलेलं तांबूस किंवा नुसतं पाणी दिसलं तर रेडिएटर, वॉटर पंप आणि हेड गॅसकेट तिन्हींवर संशय धरा. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका, भाजेल.

बॉडी तिरक्या उन्हात पाहा. दार आणि फेंडर यांच्या मधल्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. बॉनेट आणि दारांच्या बोल्टांवरचा रंग पान्यानं उडालाय का, दाराचं रबर ओढून त्याखालचे कारखान्यातले गोल वेल्डचे ठिपके शाबूत आहेत का, ते मिस्त्रीला पाहायला सांगा. एखाद्या दाराला रंग मारलेला असणं सामान्य आहे, त्यावरून घाबरू नका. बॉनेटखालचा आडवा पट्टा, पुढच्या चासीची टोकं आणि छताचे खांब यांवर काम झालेलं असेल तर मोठा अपघात समजा. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर एअरबॅग उघडून गेली असेल आणि दिवा मुद्दाम काढला असेल.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखणं आता आपल्यासाठी दूरची गोष्ट उरलेली नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत परंडा, भूम भागातली गावं पाण्याखाली गेली. २०१९ आणि २०२१ मध्ये कोल्हापूर-सांगलीनं महापूर पाहिला होता. बुडालेली गाडी धुऊन, पॉलिश करून, सुगंधी फवारा मारून विकायला येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसेल. स्टेपनीचा खड्डा, सीटखालचे बोल्ट, फ्यूज बॉक्स आणि चटईखालचं फोम तपासा. अशा गाडीचं इंजिन नीट झालं तरी वायरिंग आणि संगणकाचे दोष वर्षभर डोकं वर काढत राहतात.

टायरवर चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. पाच वर्षांच्या गाडीला मूळ टायर आहेत आणि नक्षीही भरपूर शिल्लक आहे, तर मीटरचे ३० हजार किलोमीटर खरे असू शकतात. मीटर ३० हजार दाखवतंय आणि टायर दुसऱ्या जोडाचे, ब्रेकच्या पायडलचं रबर गुळगुळीत, स्टेअरिंग चकाकणारं, तर आकडा विसरा. सर्वसाधारण घरगुती गाडी वर्षाला दहा-पंधरा हजार चालते, त्यावरूनही अंदाज बांधता येतो.

चालवून पाहायचा रस्ताही तुम्हीच निवडा. सोलापूरकडून येताना तुळजापूरचा घाट, किंवा येडशी-येरमाळ्याकडचे चढ चांगले. एसी चालू ठेवून चढा. क्लच घसरत असेल तर इंजिनाचा आवाज वाढेल पण वेग वाढणार नाही. तापमानाचा काटा मध्याच्या वर जाऊ नये. उतरताना रिकामा रस्ता पाहून जोरात ब्रेक लावा, गाडी एका बाजूला ओढते का पाहा. गावातल्या एखाद्या गतिरोधकावरून हळू जा, तिथं सस्पेन्शनचे सगळे आवाज ऐकू येतात. किमान वीस किलोमीटर चालवा, आणि एक छोटी फेरी संध्याकाळनंतरही मारा, म्हणजे हेडलाइटचा उजेडही कळेल. परतल्यावर गाडी पाच मिनिटं उभी ठेवून पुन्हा चालू करा आणि खाली ऑईल ठिबकलंय का पाहा. मिस्त्रीकडं स्कॅनर असेल तर तो लावा. विकणाऱ्यानं आदल्या दिवशी मिटवलेले दोष पुष्कळदा या फेरीनंतर परत दिसतात.

सौदा आणि नावावर करणं

गाडी पसंत पडली की लगेच होणाऱ्या कामांची यादी करा: टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, क्लच, सर्व्हिस. त्यांचा खर्च मिस्त्रीकडून लिहून घ्या आणि तोच कागद समोर ठेवून किंमत करा. "थोडं कमी करा" म्हणण्यापेक्षा हा कागद जास्त काम करतो. इसार द्यायचाच तर पाच-दहा हजारांपुरता, शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयनं, आणि पावतीवर गाडीचा नंबर, ठरलेली किंमत, कागद देण्याची तारीख आणि कागद न मिळाल्यास इसार परत, हे लिहून घ्या.

आता सर्वात महत्त्वाचं. आपल्याकडं टीटी फॉर्मवर, म्हणजे नावबदलाच्या अर्जांवर, सह्या घेऊन गाडी महिनोन्‌महिने जुन्या मालकाच्या नावावर फिरवायची रीत आहे. हे दोघांनाही घातक आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सांगितलं, की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. त्या प्रकरणात गाडी एकाच्या हातून दुसऱ्याकडं विकली जात राहिली होती, नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर होती. म्हणजे विकणाऱ्याला रात्री झोप हवी असेल तर त्यानंच नाव बदलायची घाई केली पाहिजे. घेणाऱ्याचं नुकसान वेगळं: विमा दुसऱ्याच्या नावावर असताना स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो.

कायदा साधा आहे. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं. फॉर्म २९ आणि ३० लागतात, सोबत आरसी, विमा, पीयूसी आणि दोघांची ओळखपत्रं. विमा १४ दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याकडंच राहतो, म्हणून हप्त्यातला फरक भरावा लागेल. विकणाऱ्याला त्याचा फास्टॅग बंद करायला सांगा आणि तुमचा नवा घ्या. गाडी ताब्यात घेताना दिनांक आणि वेळ लिहिलेल्या डिलिव्हरी नोटवर दोघांच्या सह्या करा. एजंटला काम दिलंत तरी अर्जाचा क्रमांक मागून घ्या आणि आठवड्यातून एकदा स्वतः ऑनलाइन पाहा. नाव बदलल्याचं दिसेपर्यंत किमतीतले दहा-पंधरा हजार राखून ठेवायचं ठरवलंत, तर काम लवकर होतं.

पहिला महिना

किमतीच्या दहा टक्के रक्कम आधीच बाजूला ठेवा. गाडी आणल्या दिवशी पूजा झाली की दुसऱ्या दिवशी तिला गॅरेजला न्या. इंजिन ऑईल, ऑईल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑईल नव्यानं भरा, म्हणजे पुढचा हिशेब तुमच्यापासून सुरू होईल. ज्या इंजिनाला टायमिंग बेल्ट असतो त्यात तो कधी बदलला याचा पुरावा नसेल तर बदलून टाका. तो तुटला तर इंजिनच उघडावं लागतं. बॅटरी चार वर्षांहून जुनी असेल तर हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी ती दगा देणारच.

आणखी एक सूचना. चार सहकारी मिळून पेट्रोल वाटून घेत असतील तर ती चांगलीच सोय आहे. पण रस्त्यावर माणसं घेऊन भाडं गोळा करायला सुरुवात केली की पांढऱ्या पाटीच्या गाडीचा तो परवान्याविना धंदा ठरतो. त्या फेरीत अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. नियमित चौघं जाणार असतील तर मागचे शॉक ॲब्सॉर्बर आणि टायर घेतानाच नीट पाहा.

दोन-तीन गाड्या पाहून झाल्या की मन थकतं आणि "हीच घेऊन टाकू" असं वाटू लागतं. तेव्हाच थांबा. महिनाभर आणखी एसटीनं गेल्यानं काही बिघडत नाही. ज्या गाडीचं सर्व्हिस रेकॉर्ड सलग आहे, जिच्या मालकाला तुम्ही समोरासमोर भेटलात, जिला तुमच्या मिस्त्रीनं थंड इंजिनावर पाहून होकार दिलाय आणि जी तीस दिवसांत तुमच्या नावावर होईल याची खात्री आहे, तीच घ्या. यातली एक जरी गोष्ट अडत असेल तर इसार देऊ नका, पुढची गाडी पाहा.